बॉबी तल्यारखान : मैदानाला मिळालेला पहिला आवाज

गेल्या हिवाळ्यात धानाची मळणी आटोपल्यावर आपल्या शाळेच्या मैदानावर कबड्डीचे सामने झाले. सातवीतील एका विद्यार्थ्याच्या हाती ध्वनिक्षेपक दिला होता. चढाईला कोण गेला, कोणाचा पाय रेषेला लागला, पकड कोणी केली, हे तो इतक्या तन्मयतेने सांगत होता की मंडपामागे स्वयंपाकात गुंतलेल्या बायकांनाही गुणसंख्या तोंडपाठ झाली होती. त्यांनी सामना पाहिला नव्हता, नुसता ऐकला होता. रात्री पंगतीत वाढप चालू असताना त्याच मुलाने मला विचारले, की सर, हे असे बोलण्याचे काम आपल्या देशात सर्वांत आधी कोणी केले? मी नाव सांगितले, ए. एफ. एस. तल्यारखान. परंतु त्या नावामागचे आयुष्य ताटावर बसून सांगण्याइतके लहान नव्हते. त्या मुलाचे उत्तर अपुरे राहिले होते, ते स्मरणिकेच्या निमित्ताने पुरे करीत आहे.

अर्देशिर फुर्दोरजी सोहराबजी तल्यारखान हे त्यांचे पूर्ण नाव. मुंबई त्यांना बॉबी म्हणून ओळखत असे आणि वृत्तपत्रांचे वाचक ‘एएफएसटी’ या आद्याक्षरांनी. त्यांचा जन्म १८९७ सालचा, पारशी कुटुंबातला. या जन्मसालाला आणि जन्मसमाजाला अर्थ आहे. भारतीयांपैकी क्रिकेट प्रथम हाती घेतले ते पारशांनी. १८८६ आणि १८८८ साली त्यांचे संघ इंग्लंडला जाऊन आले होते आणि १८९० साली मुंबईत त्यांनी व्हर्नन यांच्या इंग्रज पाहुण्या संघाला हरवले होते. बॉबी जन्मले तेव्हा या विजयाला सातच वर्षे झाली होती. क्रिकेट हा ज्या समाजाच्या अभिमानाचा विषय होता, त्या समाजातून पुढे क्रिकेटचा पहिला भाष्यकार यावा, यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही.

तथापि ज्या मैदानावर हा आवाज उमटला, ते मैदान आधी कसे होते, हे सांगितल्याशिवाय त्या आवाजाचे मोल कळणार नाही. मुंबईचे त्या काळचे मोठे क्रिकेट धर्मावर विभागलेले होते. प्रारंभी युरोपियन विरुद्ध पारशी असे सामने होत. १९०७ पासून हिंदूंचा संघ आला आणि स्पर्धा तिरंगी झाली. १९१२ पासून मुसलमानांचा संघ आला आणि ती चौरंगी झाली. प्रत्येक समाजाचा जिमखाना वेगळा, तंबू वेगळे आणि पाठीराखेही वेगळे. हिंदूंच्या संघाला जी कीर्ती मिळाली, तिच्यात फार मोठा वाटा होता पळवणकर बाळू या चर्मकार समाजात जन्मलेल्या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाचा. पुण्याच्या जिमखान्यात खेळपट्टीची निगा राखणारा आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकणारा हा माणूस हिंदूंच्या संघात घेतला गेला, तो त्याच्यावाचून जिंकता येत नाही म्हणून. चहाच्या वेळी मात्र त्याला तंबूबाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले, तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी लाभले नाही. ते मिळाले १९२३ साली, त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना. बाबासाहेबांना तरुणपणी बाळूंचा अभिमान होता. पुढे राजकारणात दोघांच्या वाटा निराळ्या झाल्या आणि १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने बाळूंना बाबासाहेबांविरुद्ध उभे केले. बाबासाहेब निवडून आले. हा भाग आपल्या वाचकांना ठाऊक असेलच.

येथे बाळूंची आठवण काढण्याचे कारण निराळे आहे. बाळूंची गोलंदाजी ज्यांनी पाहिली, ती माणसे आता नाहीत, आणि ती घडत असताना तिचे शब्दचित्र काढून दूरवर पोचवणारा कोणी त्या काळी नव्हता. आकडे आहेत, दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांतील रकाने आहेत, पण चेंडू हातातून सुटल्याक्षणी तो पाहून बोललेला एकही शब्द नाही. १९२० च्या जानेवारीत बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ काढले, तेव्हा बाळूंची कारकीर्द संपत आली होती. क्रिकेटचे मैदानही त्या अर्थी मुकेच होते. ते बोलू लागायला आणखी चौदा वर्षे जावी लागली.

मुंबईत रेडिओचे केंद्र १९२७ च्या जुलैत सुरू झाले. खासगी कंपनीला ते पेलले नाही आणि १९३० मध्ये सरकारने ते चालवायला घेतले. ऑल इंडिया रेडिओ हे नाव १९३६ चे. मधल्या काळात सविनय कायदेभंगाच्या चळवळीमुळे चौरंगी सामने काही वर्षे बंद होते. १९३४ साली ते पुन्हा भरले. एस्प्लनेड मैदानावर पारशी आणि मुसलमान यांचा सामना होता आणि सदतिशीच्या आसपासचे बॉबी तल्यारखान ध्वनिक्षेपकासमोर बसले. भारतातील क्रिकेटचे धावते वर्णन रेडिओवर करणारे ते पहिले भारतीय.

आज आपल्याला यात काही विशेष वाटत नाही, म्हणून हे काम किती अवघड होते ते सांगतो. समोर आदर्श नाही, शिकवणारा नाही. चेंडू टाकणे, तो फटकावणे आणि अडवणे यांत मोजके क्षण जातात. त्यानंतर गोलंदाज आपल्या खुणेपर्यंत परत जाईस्तोवर मैदानात काहीच घडत नाही. पाहणाऱ्याला तो वेळ जाणवत नाही, कारण त्याचे डोळे इकडेतिकडे फिरत असतात. ऐकणाऱ्यापाशी मात्र त्या वेळात शांततेशिवाय काही नसते. समालोचकाचा कस लागतो तो या रिकाम्या जागेत. धावफलक सांगायचा, क्षेत्ररक्षक कोठे हलवला ते सांगायचे, गर्दीत काय चालले आहे ते सांगायचे, एखादी जुनी आठवण काढायची आणि ती पुढचा चेंडू सुटायच्या आत संपवायची. आठवण लांबली तर बळी निसटतो आणि फार आखडली तर तिची गंमत जाते. तल्यारखान हे सारे एकटे करीत. सकाळी खेळ सुरू झाल्यापासून संध्याकाळी खेळ थांबेपर्यंत, उपाहार आणि चहापान यांखेरीज न थांबता, एकाच माणसाचा आवाज. भरदार, खर्जातला, कोठेही घाई नसलेला आवाज, आणि किस्स्यांचा न संपणारा साठा. शिक्षकी पेशातल्या माणसाला याचे मोल लवकर कळते. सलग चार तासिका घेतल्या की आमचा घसा बसतो.

हा आवाज कोणापर्यंत पोचला? प्रामाणिकपणे सांगायचे तर आपल्या लोकांपर्यंत नाही. वर्णन इंग्रजीत होते, रेडिओ महाग होता आणि तो ठेवण्यासाठी परवाना काढावा लागे. मुंबईत इराण्याच्या हॉटेलांतील रेडिओभोवती माणसे जमत. भंडाऱ्याच्या धानपट्ट्यात ते सुख नव्हते. तरीही त्या वर्णनाने एक मोठी गोष्ट साधली, असे मला वाटते. मैदानावर जाण्यासाठी तिकीट लागे, जिमखान्यात शिरण्यासाठी जन्म योग्य असावा लागे. आवाजाला भिंत नव्हती. हॉटेलाबाहेर उभा राहणारा हमालसुद्धा धावा ऐकू शकत होता, आणि कोण जिंकले ते त्याला दुसऱ्या कोणाला विचारावे लागत नव्हते.

या लोकप्रियतेचा दुसरा पैलूही इतिहासाच्या विद्यार्थ्याने झाकू नये. रेडिओमुळे खेळाची गोडी पसरली, तशी धर्माच्या नावाने लागणारी चुरसही घरोघर पोचली. १९३७ मध्ये या स्पर्धेत पाचवा संघ आला आणि ती पंचरंगी झाली. या संघाचे नाव होते ‘इतर’. ख्रिस्ती, ज्यू आणि बौद्ध यांच्यासाठी तो होता. आपले पूर्वज त्या वेळी बौद्ध नव्हते. येवल्याची घोषणा होऊन दोन वर्षे झाली होती आणि धम्मदीक्षेला एकोणीस वर्षे बाकी होती. परंतु देशातील सर्वांत गाजलेल्या स्पर्धेत बौद्धांची गणना ‘इतर’ या एका शब्दात होत होती, ही नोंद मला आजही थबकायला लावते. त्याच ‘इतरां’च्या वतीने विजय हजारे या ख्रिस्ती मराठी फलंदाजाने हिंदूंविरुद्ध अंतिम सामन्यात संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ धावा एकट्याने काढल्या. ‘इतर’ तो सामना हरले, पण आज लोकांना आठवतो तो हजाऱ्यांचा डाव. धर्मावर उभ्या असलेल्या या स्पर्धेविरुद्ध १९४० मध्ये गांधीजींनी मत दिले, क्रीडापत्रकारांनी आणि विद्यार्थ्यांनी आवाज उठवला, आणि देशातील वातावरण बिघडत गेल्यावर १९४६ मध्ये ती कायमची बंद झाली. तल्यारखानांना घडवणारी स्पर्धा गेली, आवाज मात्र राहिला. आता तो देशाच्या संघाच्या सामन्यांसाठी होता.

आणि येथेच या आयुष्यातली सर्वांत बोचरी घटना घडते. १९४८-४९ च्या हंगामात वेस्ट इंडिजचा संघ प्रथमच भारतात आला. स्वतंत्र भारताच्या भूमीवरची ही पहिली कसोटी मालिका. ऑल इंडिया रेडिओने ठरवले, की यापुढे वर्णन एकट्याने करायचे नाही, तिघांनी आळीपाळीने करायचे. तल्यारखानांना ते मान्य झाले नाही. ध्वनिक्षेपक दुसऱ्याबरोबर वाटून घेण्यापेक्षा त्यांनी तो खाली ठेवणे पसंत केले आणि ते बाजूला झाले.

त्यांच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. दिवसभराचे वर्णन ही त्यांच्या लेखी एका हाताने विणलेली शाल होती. मध्येच दुसऱ्याने टाके घातले की नक्षी बिघडते. गायकाची मैफल तिघांत वाटून देत नाहीत, असेही कोणी म्हणेल. चौदा वर्षे ज्याने एकट्याने वाट पाडली, त्याला आता तिघांपैकी एक व्हा असे सांगणे त्याच्या जिव्हारी लागले असेल. हे सारे मान्य करूनही मला त्यांचा निर्णय पटत नाही. रेडिओ ही त्यांची खासगी मालमत्ता नव्हती. देश नुकताच स्वतंत्र झाला होता आणि राज्यघटना लिहिली जात होती. ज्या जागा पूर्वी एकाच माणसाच्या किंवा एकाच जातीच्या असत, त्या वाटून घेण्याचे ते दिवस होते. दार उघडणारा माणूस दारातच उभा राहिला तर मागच्यांनी आत कसे यावे?

कदाचित माझ्या या मतामागे माझा स्वतःचा अनुभव असेल. मी शिकत होतो त्या शाळेत क्रीडासंमेलनाचा ध्वनिक्षेपक वर्षानुवर्षे एकाच गुरुजींच्या हाती असे. ते बोलत उत्तम. पण वसतिगृहातल्या आम्हा मुलांपैकी कोणी धावण्याची शर्यत जिंकली, की आमचे नाव त्यांच्या तोंडून चुकीचे येई, कधी येतच नसे. वसतिगृहाचा मुलगा एवढेच जाहीर होई. त्यात द्वेष नसावा, त्यांना आमची नावे ठाऊक नव्हती इतकेच. आमच्यातला एखादा तेथे उभा असता तर त्याला ती ठाऊक असती.

तल्यारखान दूर झाले त्या मालिकेचा शेवट मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर झाला. १९४९ च्या फेब्रुवारीत भारताला जिंकण्यासाठी ३६१ धावा हव्या होत्या. ३५५ झाल्या, आठ गडी बाद, सहा धावा उरल्या आणि पंचांनी वेळ पुरती संपण्याआधीच यष्ट्यांवरच्या दांड्या उचलल्या. आपल्या देशाचा पहिला कसोटी विजय तीन वर्षे लांबला. तो १९५२ मध्ये मद्रासला मिळाला. समालोचकाच्या आयुष्यात असा एखादाच दिवस येतो. तो दिवस त्यांच्याच शहरात आला आणि त्यांच्याशिवाय गेला. वर्णन झालेच, इतरांनी केले. बेरी सर्वाधिकारी, देवराज पुरी, विजयानगरमचे महाराजकुमार अशी नवी नावे त्या काळात श्रोत्यांच्या परिचयाची होत गेली.

ते एकदा परतले, १९५४-५५ च्या भारताच्या पहिल्या पाकिस्तान दौऱ्यासाठी. पाच कसोटी सामने झाले आणि पाचही अनिर्णित राहिले. दोन्ही बाजूंना जिंकण्याच्या इच्छेपेक्षा हरण्याची धास्ती मोठी होती. पंचरंगीच्या मैदानावरचा जुना ताण आता दोन देशांच्या सीमेवर जाऊन बसला होता, आणि तो तल्यारखानांइतका जवळून पाहिलेले समालोचक थोडेच होते. हेच १९५४ साल आपल्या जिल्ह्याच्या स्मरणात निराळ्या कारणाने आहे. त्या वर्षी बाबासाहेबांनी भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढवली आणि ते पराभूत झाले. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला ऑल इंडिया रेडिओवरून त्यांचे भाषण प्रक्षेपित झाले. स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही आपली तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीतून नव्हे तर बुद्धाच्या शिकवणीतून घेतली, असे त्यांनी त्यात सांगितले. ज्याला मते कमी पडली, त्याला ध्वनिक्षेपक मिळाला होता. आणि आज त्या निवडणुकीचे आकडे थोड्यांना आठवतात, ते भाषण पुष्कळांना.

रेडिओ सुटला तरी तल्यारखान गप्प बसले नाहीत. लेखणी हा त्यांचा दुसरा आवाज होता. ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकात आणि उतारवयात ‘मिड-डे’ या सायंदैनिकात त्यांची स्तंभलेखने गाजली. क्रिकेटबरोबरच हॉकी आणि फुटबॉल यांवरही ते लिहीत. वाचकाच्या खांद्यावर हात टाकून बोलल्यासारखी शैली. स्टीव्ह नावाच्या कोणा एकाला मध्येच हाक मारून, बाबा रे, कळले का तुला, असे विचारण्याची त्यांची लकब पश्चिम भारतातील इंग्रजी वाचकांच्या दोन पिढ्यांना परिचित होती. मंडळाचे पदाधिकारी, निवड समिती, नामांकित खेळाडू, कोणाचीही भीड ते ठेवीत नसत. एकट्याने बोलण्याचा जो हट्ट रेडिओच्या खोलीत अडचणीचा ठरला, तोच स्तंभलेखकाला शोभून दिसला. स्तंभाला तीन लेखक लागत नाहीत.

आणि मग दूरदर्शन आले. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, आणि त्याच हिवाळ्यात इंग्लंडचा संघ भारतात होता. वाडेकरांच्या नेतृत्वाखाली भारताने ती मालिका २-१ अशी जिंकली. मुंबईच्या कसोटीत गुंडाप्पा विश्वनाथने शतक पूर्ण केले, तेव्हा उंचापुऱ्या टोनी ग्रेगने त्या लहानखुऱ्या फलंदाजाला तान्ह्या मुलासारखे उचलून घेतले, हे दृश्य जुन्या प्रेक्षकांना अजून आठवते. या मालिकेत दिवसाचा खेळ संपल्यावर पडद्यावर येऊन दिवसभराच्या खेळाचा समारोप करण्याचे काम तल्यारखानांकडे आले. वय पंच्याहत्तरीचे. अडतीस वर्षांपूर्वी, जेव्हा श्रोत्याला काहीच दिसत नव्हते, तेव्हा त्यांनी आरंभ केला होता. आता पाहणाऱ्याला सगळे दिसत होते. येथे त्यांच्या कलेची उलटी परीक्षा होती. रेडिओवर दृश्य उभे करावे लागते. दूरचित्रवाणीवर दृश्य समोर असते, म्हणून जे दिसले नाही तेवढेच बोलावे लागते : बळी का गेला, कर्णधाराचा अंदाज कोठे चुकला, उद्या सकाळी खेळपट्टी कशी वागेल. दिवसाच्या अखेरीस मोजक्या मिनिटांत, एकट्याने. तिघांत वाटणी नको म्हणणाऱ्या माणसाला नव्या माध्यमाने त्याच्या मनाजोगी जागा काढून दिली होती. ज्याला आज आपण दूरचित्रवाणीवरचा क्रीडावार्ताहर म्हणतो, त्याचे काम याहून फारसे वेगळे नाही.

आमच्या लाखनीकडे ते दिवस पोचले नाहीत. ऐंशीच्या दशकात आमच्या भागात दूरचित्रवाणी संच येऊ लागले. तोवर आमचे क्रिकेट रेडिओवरचेच होते, आणि ते तल्यारखानांच्या इंग्रजीतले नव्हते. जसदेव सिंग, सुशील दोशी यांचे हिंदी आणि बाळ ज. पंडित यांचे मराठी ऐकत आम्ही वाढलो. माझे वडील शेतावर जाताना रेडिओ टॉवेलात गुंडाळून धुऱ्यावर ठेवीत. रोवणीच्या बायका मध्येच विचारीत, की गावस्कर आहे की गेला? त्या बायकांनी क्रिकेटचा चेंडू कधी हातात घेतला नव्हता. तल्यारखान हटून बसल्यावरही समालोचनाची कक्षा तिघांची झाली, मग अनेकांची झाली, मग अनेक भाषांची झाली, म्हणून तो प्रश्न आमच्या धुऱ्यापर्यंत आला.

तल्यारखानांचे निधन १९९० साली, नव्वदी ओलांडल्यावर झाले. मी तेव्हा नागपुरात शिकत होतो. बाबासाहेबांना भारतरत्न जाहीर झाल्याचे ते वर्ष. आमच्या वसतिगृहात येणारी वृत्तपत्रे त्या विषयाने भरलेली असत आणि आम्ही ती कात्री घेऊन वाचत असू. तल्यारखान गेल्याची बातमी आमच्यापैकी कोणी कापून ठेवल्याचे मला स्मरत नाही. त्यांच्याविषयी मी नंतर वाचले, एमए करताना, पंचरंगी स्पर्धेचा शोध घेत असताना. बाळूंना शोधायला गेलो आणि वाटेत हा आवाज भेटला.

कबड्डीच्या त्या दिवशी दुपारनंतर सातवीतल्या आपल्या समालोचकाचा घसा बसला. मी ध्वनिक्षेपक दुसऱ्या मुलीकडे द्यायला सांगितले, तर त्याचा चेहरा उतरला. मिनिटभर त्याने तो सोडला नाही. मग दिला, आणि ती आठवीतली मुलगी पहिल्या वाक्यातच दोन खेळाडूंची नावे चुकली, तेव्हा तो तिच्या कानाशी लागून बरोबर नावे सांगत अंतिम सामना संपेपर्यंत तेथेच उभा राहिला.